झेरॉक्स मशीनच्या पोटातली डिस्क
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामातलं काहीतरी सांगायचं, असं संयोजकांनी कळवलं होतं. माझ्या आधी हृदयविकारावर बोलणं झालं, म्युच्युअल फंडावर झालं. मी सव्वीस वर्षं झेरॉक्स मशीन दुरुस्त करतो. वणी, घुग्घुस, चंद्रपूर हा माझा पट्टा. कोळसा, सिमेंट आणि हंगामात जिनिंगची रुई. म्हणजे आयुष्य धुळीतच गेलं म्हणा ना.

बऱ्याच जणांना ठाऊक नसतं की ऑफिसातल्या मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये बहुधा कॉम्प्युटरसारखीच हार्ड डिस्क असते. आपण स्कॅन केलेलं, प्रिंटला पाठवलेलं, ‘सेव्ह’ केलेलं तिच्यावर लिहिलं जातं. लोक काचेवर कागद ठेवतात, प्रत घेतात, निघून जातात. कागदाची एक आठवण आत राहिली असू शकते, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

माझी एक चूक सांगतो. खाणीजवळच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात मशीन सारखं गरम होऊन थांबत होतं. मागची जाळी बघितली तर काळी गोधडीच झालेली. मी ब्लोअर काढला आणि मशीन चालू असतानाच मागून जोरात हवा मारली. जाळी चकाचक. ठेकेदार खूश, मीही खूश. आठ दिवसांनी फोन आला, मशीन सुरूच होत नाही. डिस्क गेली होती.

त्या डिस्कमध्ये हजेरीपटाचे स्कॅन होते. मूळ रजिस्टर पावसाळ्यात भिजून लगदा झालेलं. अपघातात हात गमावलेल्या एका मजुराला भरपाईसाठी तो त्या महिन्यात कामावर होता हे दाखवायचं होतं. त्याची बायको माझ्या दुकानात आली. म्हणाली, “भाऊ, कागद मशीनमधी हायेत म्हणतात, मग काढून द्या ना.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे मुकादमाच्या घरी जुन्या प्रती सापडल्या, पण त्यात दोन वर्षं गेली. डिस्क माझ्या ब्लोअरनेच गेली की महिनोन्महिने तापून आधीच मरायला टेकली होती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हवा मारली ती मीच.

आता आतलं गणित. डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारते आणि वाचणारं डोकं तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. डिस्कची पेटी बंद असते. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला एक बारीक छिद्र असतं, त्याला आतून फिल्टर असतो. (त्या छिद्रावर स्टिकर लावणारे महाभाग मी पाहिलेत.) म्हणजे धूळ सहसा थेट तबकडीवर जात नाही. ती पंखा आणि जाळी गुदमरवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात मशीनमधला फ्यूझर भट्टीसारखा तापलेला, आणि बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास. पावसाळ्यात तीच धूळ ओल धरते, सर्किटवर चिकटते आणि वीज नको तिथून वाट काढते.

म्हणून मशीन दारासमोर नको, क्रशरच्या बाजूच्या भिंतीला तर नकोच, तिथे थरथरही असते. मागे पंख्याला श्वास घ्यायला जागा हवी. ऑफिस झाडायचं तर आधी मशीन बंद करून झाकायचं, नाहीतर ओल्या फडक्याने पुसायचं. गरम मशीनवर कव्हर टाकू नये. जाळी बाहेर काढून साफ करायची, आत फुंकायची नाही. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको. टोनरचे कण ५ ते १० मायक्रॉनचे, तो एका बाजूने ओढतो आणि दुसऱ्या बाजूने खोलीत सोडतो. बंद करताना आधी समोरचं बटण, स्क्रीन विझल्यावर मुख्य बटण. डिस्क लिहीत असताना वीज तोडली की धुळीची गरजच उरत नाही. आणि ज्याची दुसरी प्रत नाही असं काही मशीनमध्ये ठेवू नका. महिन्यातून एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

बाई समोर बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल. डस्टर वर्गात झटकला की छडी मिळायची, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन झटकायचा. हे मला तिसरीत कळलं होतं. ब्लोअर हातात आल्यावर विसरलो.

मेलेल्या डिस्कचंही एक आहे. मशीनला ती वाचता येत नाही म्हणून तिच्यावरचं पुसलं गेलं, असं नव्हे. अमेरिकेत अॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने भाड्याची मशीनं डिस्क न पुसता परत केली. त्यावर ३,४४,५७९ पर्यंत लोकांची माहिती असावी, असा अंदाज निघाला आणि २०१३ मध्ये १२,१५,७८० डॉलर भरून त्यांना प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडे जुनं मशीन सरळ भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातं, आत गावभराचे आधार कार्ड. मशीन चालू असेल तर सेटिंगमध्ये डिस्क पुसण्याची सोय असते, काही तास लागतात. बंद पडलं असेल तर डिस्क काढून ड्रिलने भोक पाडायचं. मी गिऱ्हाइकासमोर पाडतो.

आज सकाळी शाळेच्या ऑफिसात डोकावलो. मशीन मैदानाच्या दारासमोर आहे, आणि तिकडे पोरांची कबड्डी चाललेली. जाळी मी काढून धुतली आहे, गच्चीवर वाळते आहे. क्लार्कसाहेबांशी बोललो, आतल्या कपाटाशेजारी जागा आहे. मशीन जड आहे. जेवणाआधी चौघांनी माझ्याबरोबर या, जेवणानंतर तुम्ही कामाचे राहत नाही.