शब्द हाच आपला सातबारा

(अंकुशनगर, जि. जालना येथे ऊसतोड कामगारांच्या तळावर संध्याकाळच्या बैठकीत आपल्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. जंगलगावांतल्या वाचकांसाठी लिहून काढले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

बायांनो, मागं बसू नका, चुली पेटवून पुढं या. दिवसभर फडात वाकून तुम्ही आलात, उद्या पहाटे परत जायचंय. म्हणून लांबण लावत नाही.

मघाशी एका मावशीनं मला विचारलं, "पोरी, तू नीती-नीती करतेस. नीतीनं पट्टा मिळतो का?" सवाल बरोबर आहे. नीतीवर कीर्तनं झाली, भाषणं झाली, अन् आपली जमीन मात्र दुसऱ्याच्या नावावर गेली. म्हणून आज याच सवालाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. धर्मात नीती कुठं आहे, कायद्यात कुठं आहे, अन् आपल्या कोपीत कुठं आहे.

आधी माझ्या घरातली गोष्ट सांगते. आमच्या वाडीत वनहक्काचे दावे भरायचं काम चालू होतं. 2006 चा कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी स्वतः कसतोय, अन् कायदा लागू झाला त्या दिवशी जिच्यावर त्याचा ताबा आहे, तिच्यावर त्याचा हक्क. माझ्या सख्ख्या चुलत्यानं एक तुकडा 2009 साली नवीन फोडलेला. तो आज्याकडं आला अन् म्हणाला, "तू वाडीत सगळ्यात म्हातारा. तुझा जबाब चालतो. सांग की मी वीस वरसं कसतोय." आजा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझा अंगठा गावाचा आहे. तुझ्या एकट्याचा नाही." अन् जबाब दिला नाही. चुलता आजही आमच्या दारात येत नाही. दिवाळीला आजी दोन भाकरी जास्त टाकते, अन् त्या तशाच राहतात.

मला तेव्हा आज्याचा राग आला होता. खातं तर सरकारनं आपल्याकडून हिसकावलेलं, मग एक खोटं बोललं तर काय बिघडलं? पुढं कायद्याची नियमावली वाचायला बसले तेव्हा आज्याचं बोलणं कळलं.

नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद, दंडाच्या पावत्या, नकाशे आहेतच. पण आपल्या बहुतेकांकडं कागद नाही. दंड भरला तर पावती दिली नाही, दिली तर पावसात भिजली. म्हणून त्याच यादीत आणखी पुरावे दिलेत. शेताचे बांध, घर, झोपडी. जुनी विहीर, मसनवट, देवाचं ठिकाण. अन् दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब. यातले एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हणजे बघा, देवाचा शेंदूर लावलेला दगड आणि म्हाताऱ्याचा शब्द हे या देशाच्या कायद्यात पुरावा म्हणून लिहिलेत. ज्यांच्याकडं सातबारा नाही त्यांचा शब्द हाच सातबारा.

आता विचार करा. एका म्हाताऱ्यानं भाच्यासाठी, पुतण्यासाठी एक खोटा जबाब दिला. चौकशीला माणसं आली, नकाशा लावला, 2005 ला तिथं दाट झाडी दिसली. मग ते त्या एका दाव्यावर थांबतील का? त्याच म्हाताऱ्याच्या बाकी सगळ्या खऱ्या जबाबांवर पाणी पडेल. आज्याला नियम 13 माहीत नव्हता. पण शब्द एकदा विटला की तो सगळ्या वाडीचा विटतो, हे त्याला माहीत होतं. मावशी, तुमच्या सवालाचं हे पहिलं उत्तर. नीतीनं पट्टा लगेच मिळत नाही. आमच्याकडंही काहींना कमी क्षेत्र मिळालं, काहींचं अपील चालू आहे. पण नीती सोडली तर मागायची जागाच राहत नाही.

आता कोणी म्हणेल, आदिवासीनं नेहमी शब्द पाळला, म्हणूनच तो नागवला गेला. हेही खरं आहे. अन् इथं अंगठ्याची दुसरी गोष्ट येते. एकलव्याची.

लहानपणी आपल्याला सांगितलं की एकलव्य फार थोर, गुरूनं मागितला अन् अंगठा कापून दिला. पण मागणाऱ्याला कोणी विचारलं नाही. ते विचारलं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं, 5 जानेवारी 2011 ला. खटला अहमदनगर जिल्ह्यातला, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. 1994 साली एका तरुण भिल्ल बाईला मारहाण करून गावातून विवस्त्र फिरवलं होतं. निकाल देताना न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी लिहिलं की आदिवासी हे या देशाचे मूळ रहिवासी आहेत, अन् त्यांच्यावर झालेला अन्याय ही शरमेची गोष्ट आहे. तिथंच त्यांनी एकलव्याची गोष्ट काढली. द्रोणाचार्यांनी त्याला शिकवलंच नव्हतं, मग गुरुदक्षिणा मागायचा हक्क कुठला, असं विचारलं. अन् ते कृत्य लज्जास्पद म्हटलं.

साथींनो, हे मोठं आहे. पोथीतली गोष्ट असली तरी तिला नीतीचा सवाल विचारता येतो. शब्द पाळणं ही नीती आहे, पण शब्द कोण मागतोय अन् कशासाठी, हे विचारणं हीसुद्धा नीतीच आहे. आज्यानं चुलत्याला नाही म्हटलं. एकलव्यानं नाही म्हणायला पाहिजे होतं.

पण त्याच खटल्यात कायद्याची दुसरी बाजूही दिसते. जिल्ह्याच्या सत्र न्यायालयानं आरोपींना ॲट्रॉसिटी कायद्याखालीही शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयात ती रद्द झाली. का? तर जातीचा दाखला जोडला नव्हता, अन् तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं केला नव्हता. ती बाई भिल्ल आहे हे सगळ्या गावाला माहीत, मारणाऱ्यांना माहीत, पण कागदाला माहीत नाही! सर्वोच्च न्यायालयानं यावर आश्चर्य दाखवलं, ही तांत्रिक कारणं आहेत असं म्हटलं. पण त्या भागावर वर अपीलच झालं नव्हतं, म्हणून ती शिक्षा परत आली नाही. बाकीच्या कलमांची शिक्षा कायम राहिली.

यातून दोन गोष्टी शिका. एक, कायदा चांगला असला तरी त्याच्या आत नीती ठेवणारा माणूस लागतो. दुसरी, नीती आपल्या बाजूनं आहे म्हणून कागदाकडं दुर्लक्ष करून चालत नाही. जातीचा दाखला काढा. दाव्याची पोच घ्या. दावा नाकारला तर लेखी कारण मागा, अन् 60 दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडं अपील करा. जालना जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून इथं पेसा कायदा लागू नाही, हे खरं. पण वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राच्या बाहेरही लागू आहे. "तुमच्या जिल्ह्यात हा कायदा नाही" असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. चौकशी पूर्ण होईपर्यंत उठवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. 2019 च्या फेब्रुवारीत नाकारलेल्या दाव्यांवरून लाखो कुटुंबांना उठवायचा आदेश निघाला होता. देशभर आदिवासी रस्त्यावर आला. पंधरा दिवसांत, 28 फेब्रुवारीला, कोर्टानंच त्याला स्थगिती दिली.

आता धर्माकडं येते. इथं मला आपल्याच लोकांना बोलायचंय, राग मानू नका.

सातपुड्यात, तळोदा तालुक्यातल्या मोरवडला, 1930 नंतरच्या काळात गुलाम महाराज होऊन गेले. त्यांनी भिल्लांना सांगितलं, दारू सोडा, चोरी करू नका, स्वच्छ राहा, अन् एकमेकांना "आप" म्हणा. ज्याला सावकार अरे-तुरे करायचा, पाटील शिवी देऊन हाक मारायचा, तो माणूस दुसऱ्या भिल्लाला "आप" म्हणू लागला. यात मोठा देव नाही, मोठं मंदिर नाही. पण माणसाला मान द्यायची नीती आहे, म्हणून हजारो लोक तिकडं गेले. दारू सुटली की कर्ज कमी होतं, कर्ज कमी झालं की जमीन हातात राहते. धर्म असा पोटापर्यंत आला.

अन् दुसरीकडं बघा. त्याच आपल्या डोंगरात एखाद्या बाईला डाकीण म्हणतात. पोर आजारी पडलं, गुरं मेली, की भगताकडं जायचं अन् नाव काढायचं. मी विचारते, नाव नेहमी एकट्या बाईचंच का निघतं? विधवेचंच का निघतं? जिच्या नावावर चार तुकडे जमीन आहे अन् पाठीशी माणूस नाही, तिच्याच अंगात डाकीण कशी येते? त्या जमिनीवर कोणाचा डोळा आहे ते बघा, म्हणजे देव कोणाच्या तोंडानं बोलला ते कळेल. 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं काम केलं, अन् त्याच साली त्यांचा खून झाला. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो अन् डाकीण रात्री वाडीत ठरवली जाते. त्या रात्री तिच्या दारात उभं राहणारा शेजारी पाहिजे. सरकार आपल्याला न्याय देत नाही म्हणून आपण मोर्चा काढतो. मग आपल्याच बाईला आपण न्याय दिला नाही तर कोणत्या तोंडानं घोषणा द्यायच्या?

शेवटी आपल्या रोजच्या जगण्याकडं येते.

कुठल्याही तळावर जा, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ऊस ती तोडते, मोळी ती बांधते, डोक्यावर वाहते, पुन्हा चूल तिचीच. पण उचल घेताना अंगठा नवऱ्याचा, हिशोब नवऱ्याशी. वनहक्क कायदा आपल्यापुढं गेलाय. कलम 4 म्हणतं, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं, अन् एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या नावानं. कायद्यानं कोयत्याचे दोन माणूस मोजले, आपण अजून एकच मोजतो.

उचलीचंही तसंच. किती घेतली, किती फिटली, खाडे किती लावले, हे ज्याच्या वहीत आहे तोच मालक. अंगठा आपला, वही त्याची. घेतलेले पैसे फेडायचे, ही आपली नीती आहे, ती सोडू नका. पण न घेतलेले पैसे फेडायचे नाहीत, ही पण नीतीच. 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा सांगतो की कर्जाच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवता येत नाही.

अन् एक गोष्ट विसरू नका. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला. त्यात मोठ्या संख्येनं आदिवासी होते, वनजमीन नावावर करा ही मुख्य मागणी. जवळजवळ 180 किलोमीटर चालून पाय सोलून निघाले होते. मुंबईत दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. दिवसा मोर्चा निघाला तर पोरं अडकतील म्हणून माणसं विश्रांती सोडून रात्रीतूनच आझाद मैदानाकडं चालत गेली. ती पोरं कोणाची? मुंबईकरांची. ज्यांनी आपलं नावही ऐकलं नव्हतं त्यांची. कोणत्या कायद्यानं सांगितलं होतं? कोणत्या पोथीनं? कोणीच नाही. पण दुसऱ्या दिवशी मुंबईची माणसं पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आली. मावशी, हे दुसरं उत्तर. नीतीनं परकी माणसं आपली होतात.

आता काम सांगते. हंगाम संपला, गावी पोचलो, की पहिल्या ग्रामसभेत या पाच गोष्टी ठरवून घ्या.

एक. वडीलधाऱ्यांचा प्रत्येक जबाब ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा, मगच अंगठा.

दोन. आपण इथं फडात असताना गावात कागदावर ग्रामसभा होते, आपल्या नावापुढं अंगठे उठतात. हे बंद. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं लागतात, अन् हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. सभा आपण जायच्या आधी नाहीतर आल्यावरच.

तीन. विधवा, एकट्या बाईचा दावा सगळ्यात आधी घ्यायचा.

चार. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. उचलीची दुसरी वही आपल्या टोळीत ठेवायची, शिकलेल्या पोरीनं लिहायची.

पाच. कलम 5 नं जंगल राखायची जबाबदारी ग्रामसभेला दिलीय. नवीन तोड करणारा आपला भाऊ असला तरी त्याला थांबवायचं. हक्क मागतो तर राखणही आपलीच.

पाचवी गोष्ट बोलताना मला माझा चुलता दिसतो. तो वाईट माणूस नाही. पोरं चार, जमीन नाही, म्हणून त्यानं तो तुकडा फोडला. त्याच्यासाठी खोटा जबाब देता येणार नाही, पण त्याला एकटं सोडणं हीसुद्धा नीती नाही. आमच्या वाडीनं सामूहिक वनहक्काचा दावा केलाय, त्यात डिंक, मोह, तेंदू सगळ्यांचा आहे, त्याचाही आहे. या वर्षी गावी गेल्यावर मी स्वतः त्याच्या दारात जाणार आहे. तो बोलतो का नाही, पुढच्या बैठकीत सांगेन.

जोहार. जिंदाबाद!