घड्यातला जिन आणि वाट पाहणारे मूल

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'सर, जिना-पऱ्यांच्या खोट्या गोष्टी मुलांना कशाला सांगायच्या? त्यापेक्षा दोन गणिते जास्त करू द्यात,' असे अनेक पालक मला म्हणतात. शंका रास्त आहे. म्हणून आज मी 'अलिफ लैला'तील एकच गोष्ट घेऊन बोलणार आहे, कोळी आणि जिन यांची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात या अरबी कथा मराठीत आणल्या, तेव्हापासून ही गोष्ट मराठी वाचकालाही ओळखीची आहे. (अल्लाउद्दीन व अलीबाबा जुन्या अरबी हस्तलिखितात नाहीत बरे का! अंत्वान गालां या फ्रेंच भाषांतरकाराने त्या १७०९ साली पॅरिसमध्ये हलबच्या हन्ना दियाब या तरुणाकडून ऐकल्या. कोळ्याची गोष्ट मात्र जुनीच.)

गरीब म्हाताऱ्या कोळ्याच्या जाळ्यात तांब्याचा मोहोरबंद घडा येतो. झाकण काढताच धुराचा लोट, आणि त्यातून अक्राळविक्राळ जिन! तो म्हणतो, मी तुला ठार मारणार. का? पहिल्या शंभर वर्षांत त्याने ठरविले होते, सोडविणाऱ्याला श्रीमंत करीन. पुढच्या शंभरांत, त्याला जमिनीतले खजिने खुले करीन. मग, त्याच्या इच्छा पुऱ्या करीन. कोणीच आले नाही. तेव्हा चिडून त्याने शपथ घेतली, आता जो येईल त्याचा जीव घेईन.

मोठ्यांना हे विचित्र वाटते. सुटका करणाऱ्यावर राग कसला? मुलाला मात्र ते लगेच पटते. ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९७६ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखविले. (त्यांच्यावर मागाहून बरीच टीका झाली, काही योग्यही होती, पण हे निरीक्षण टिकण्यासारखे आहे.) एकटे राहिलेले मूल आधी म्हणते, अम्मी आली की मी शहाण्यासारखा वागेन. वेळ लांबत जातो तसा त्याच गोडीचा राग होतो.

आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत अब्बा आखातात असतात. मूल दिवस मोजते, चित्र काढून ठेवते. आणि दोन वर्षांनी अब्बा दारात उभे राहिले की ते दादीच्या पाठीमागे लपते, बोलत नाही, आणलेल्या खेळण्याला हातही लावीत नाही. बापाच्या जिवाला लागते. 'याला माझी किंमत नाही,' असे म्हणून काहीजण रागावतातही. अहो, किंमत नसती तर तो रागावलाच नसता! त्याची तीन शतके संपलेली असतात. आपला राग इतका मोठा कसा, याची त्या मुलालाही भीती वाटते, आणि ते सांगायला त्याच्याजवळ शब्द नसतात. गोष्टीत तो राग जिनाचा असतो. शिवाय कोळी म्हणतो, 'एवढा मोठा तू या घड्यात मावलास कसा? मला नाही खरे वाटत.' जिन दाखवायला आत शिरतो आणि झाकण बंद! राग आवरता येतो, आणि लहान माणूसही तो अकलेने आवरू शकते, हे मुलाला कळते.

आता 'खोटे' या आक्षेपाविषयी. तीन-चार वर्षांची मुलगी भातुकलीतला चहा खरा समजून पीत नाही. पॉल हॅरिस व सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रिकाम्या पेटीत राक्षस आहे अशी कल्पना मुलांना करायला सांगितली. तो खरा नाही हे मुले जाणत होती. तरी काही लहानग्यांनी प्रयोग करणाऱ्या बाईंना खोलीबाहेर जाऊ दिले नाही. म्हणजे गोष्ट खोटी हे कळते, भावना मात्र खरी असते.

म्हणून जिनाची धमकी गाळून गोष्ट सांगू नका, आणि 'हा जिन म्हणजे तूच' असे समजावूनही देऊ नका. ज्यांचे अब्बा दूर आहेत त्यांच्या घरी फोनवर पाचदहा मिनिटेच मिळतात, आणि ती बहुधा 'अभ्यास केलास का' यातच संपतात. त्यातले एखादे दिवस घडा जाळ्यात येईपर्यंत सांगावे, आणि झाकण उद्याच्या फोनला उघडावे.