सैनिकातील कारागीर
(पनवेल येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



सैन्य म्हटले की डोळ्यांसमोर बंदूक येते. पान्हा किंवा वेल्डिंगची ज्योत येत नाही. वस्तुतः पनवेलहून बोरघाट चढला की लोणावळ्यात ‘आयएनएस शिवाजी’ आहे. १९४५ पासून तेथे नौसैनिकांना जहाजांची इंजिने चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण मिळते. पुढे खडकीला ‘बॉम्बे सॅपर्स’च्या केंद्रात जवान लढण्यासोबत बांधकाम, सुतारकामही शिकतो. भर समुद्रात इंजिन बंद पडले तर बाहेरचा मेकॅनिक बोलावता येत नाही. त्या जाणिवेतूनच हाताला अचूकता येते.

परंतु निवृत्तीनंतर हाच कारागीर पुष्कळदा सोसायटीच्या फाटकावर पहारा देताना दिसतो. पहारा हे हलके काम नव्हे; मात्र इंजिन खोलून जोडणारे हात फाटक उघडण्यात खर्ची पडावेत, ही राष्ट्राची हानी आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेतील अनेक तरुण तर चार वर्षांच्या सेवेनंतरच परततील.

तळोजा औद्योगिक वसाहत, न्हावा-शेवा बंदर आणि २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ पनवेलच्या उंबरठ्याशी आहेत. येथील उद्योजकांनी माजी सैनिकाला “कोणते काम येते?” असे आवर्जून विचारावे. तरुणांनीही सेवेत असतानाच आपल्या कौशल्याचे प्रमाणपत्र पदरात पाडून घ्यावे. हारतुऱ्यांनी सत्कार होतो. सन्मान योग्य काम दिल्यानेच होतो.