पोरगं गप्प का झालं?

जून-जुलै लागला, की एस.टी. स्टँडवर एक देखावा हमखास दिसतो. खांद्याला बॅग, मांडीवर आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि पोरगं अकरावीला किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शहरगावी निघालेलं. "मास्तरांचं ऐक, कुणाशी भांडू नको," एवढं बजावून बाप माघारी फिरतो. उपदेश चांगलाच आहे; पण त्रास झाला तर कुणाला सांगायचं, हे त्यात राहूनच जातं.

माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. पहिल्या बाकावर बसायचा. दिवाळीनंतर तो मागे सरकला, मग गैरहजर राहू लागला. आला तरी डोळे तांबारलेले. घरची ओढ लागली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. वसतिगृहातील थोरली मुले त्याला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उभे ठेवीत, आपले कपडे धुवायला लावीत, त्याच्या बोलीची नक्कल करीत. हे मला कळले ते त्याचा चुलता दाखला काढायला आला तेव्हा. "सर, तुमच्या ध्यानात आलं न्हवतं व्हय?" असं त्यांनी विचारलं. ध्यानात आलं होतं, हीच तर पंचाईत.

"पोरांची थट्टामस्करी आहे, चालायचंच," असं आपण म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्रात १९९९ सालापासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे. तक्रार आली, की संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची, आणि सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडायची. जो प्रमुख चालढकल करील, त्याने गुन्ह्याला साथ दिली असेच धरले जाते. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रवेशाच्या वेळी पालकांकडूनही रॅगिंगविरोधी हमीपत्र घेतात. ते न वाचता सही करू नका, बरं का! कॉलेजात सांगायची भीती वाटली, तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा बिनपैशाचा फोन आहे. नाव न सांगताही तिथे तक्रार देता येते.

मुलींच्या बाबतीत २०१३ सालचा कायदा आहे. त्याप्रमाणे कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते, आणि तिची अध्यक्ष बाईच असावी लागते. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. ती लिहिणे जमत नसेल, तर लिहायला मदत करणे हे समितीचेच काम. पण समितीवर कोण कोण आहे, हे किती कॉलेजांतल्या मुलींना ठाऊक असतं? फलकावरची ती यादी पुष्कळदा जुन्या वेळापत्रकाखाली दडलेली असते.

आता शिक्षकबंधू-भगिनींशी थोडं. अकरावी-बारावीची मुले बहुधा अठराच्या आतली. अशा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तशी धास्ती जरी वाटली, तरी २०१२ सालच्या 'पोक्सो' कायद्याने पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा. पुरावा गोळा करीत बसणे आपले काम नव्हे, आणि सद्भावनेने कळवले तर आपल्यावर ठपकाही येत नाही. संस्थेची अब्रू जाईल म्हणून आधी 'आपसांत बघू' असं कुणी सांगितलं, तरी थांबायचं नाही.

मूल बोलू लागलं, तर मध्ये तोडू नका. "तू तिथं गेलासच कशाला?" हा प्रश्न तर तोंडातून निघताच कामा नये, त्यानं पोराचं तोंड कायमचं मिटतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, एवढं खरं खरं सांगावं. मग त्याचेच शब्द, तारीख घालून, त्याच दिवशी कागदावर उतरवावेत.

त्या चुलत्यांची नि माझी पुढे बाजारात गाठ पडली. पोरगं दुसरीकडून बी.ए. झालं, म्हणाले. मी पत्ता मागितला. "विचारून सांगतो," म्हणाले. अजून सांगितलेला नाही.