अभियंत्याची निवृत्ती



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी मला भूमिती शिकविली. त्या बळावर मी अभियंता झालो आणि गेल्या वर्षी सेवानिवृत्तही झालो. 'आता पुढे काय?' या प्रश्नाने काही महिने मला स्वस्थ बसू दिले नाही.

उत्तर या तापीकाठीच सापडले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. सुरतेच्या पाणीपुरवठ्याचे कामही त्यांनी पाहिले. पुढे खडकवासल्यास त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. त्या खात्यातील सर्वोच्च पद भारतीयाला मिळणे तेव्हा दुरापास्त होते. १९०८ साली ते स्वेच्छेने निवृत्त झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हाहाकार उडाला आणि पूरनियंत्रणाची योजना आखण्यासाठी निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता व १९१२ मध्ये दिवाण झाले. कृष्णराजसागर धरण हे त्यानंतरचेच कार्य!

आपल्याकडे उकाईचे धरण असूनही ऑगस्ट २००६ मध्ये तापी सुरतेच्या घराघरांत शिरली. नदी कोणालाच निवृत्त होऊ देत नाही, हे तेव्हा कळावयास हवे होते. मला ते उशिरा कळले.

यापुढे दर शनिवारी मी या शाळेत गणित शिकविण्यास येईन. गुरुजींचे ऋण फिटणार नाही; परंतु व्याज तरी थकू नये.