अखंड कोहळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, नवरात्रापूर्वी भरलेल्या महिला व बालमेळाव्यात केलेले भाषण)



मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मला बोलण्यास पाचारण केले, याबद्दल कार्यकारिणीची मी ऋणी आहे. माझा विषय ऐकून कोणास हसू येईल. मी कोहळ्याविषयी बोलणार आहे. 'आवळा देऊन कोहळा काढणे' एवढ्यापुरतीच ज्यांची या फळाशी ओळख आहे, त्यांनी थोडा धीर धरावा.

गतवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस माझा आठ वर्षांचा नातू शाळेतून एक हट्ट घेऊन आला. पाश्चात्य देशांत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन पाळतात. भोपळा पोखरून, त्यास डोळे नि तोंड कोरून आत दिवा ठेवतात. तसा भोपळा त्याला हवा होता. घरात होता तो देवराज मार्केटातून आणलेला कोहळा. त्याने सुरी उचलताच मी ओरडले, ''अरे, थांब! आख्ख्या कोहळ्यावर बायकांनी पहिला घाव घालायचा नसतो!'' तो शांतपणे म्हणाला, ''आजी, पण मी मुलगा आहे.'' मला उत्तर सुचेना. सासूबाईंकडून आलेला संकेत मी पुढे केला होता. खरी भीती होती ती त्या कोवळ्या हातातील सुरीची.

इतक्यात समोरच्या अर्धवट बांधकामाकडे माझे लक्ष गेले. तेथे दोरीला एक कोहळा टांगलेला होता. वटारलेले डोळे, झुपकेदार मिशा, बाहेर आलेली लाल जीभ! आपण सारे म्हैसूरकर हे दृष्टीचे मुखवटे रोज पाहतो आणि रोज विसरतो. मी नातवास म्हटले, ''तो बघ आपला भोपळा. भीती दाखवतो, पण त्याला कोणी कापलेले नाही.''

त्या दिवसापासून मी या गोष्टीचा विचार करू लागले. हॅलोवीनचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचे. तेथे पूर्वी सलगम कोरीत. लोक अमेरिकेत गेले आणि सलगमाच्या जागी तेथला भोपळा आला. आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिकेचाच; दर्यावर्दी युरोपीयांच्या काळानंतर तो आपल्याकडे रुळला. कोहळा मात्र आशियाचा, संस्कृतातील कूष्मांड. कन्नडात त्यास बूदगुंबळ म्हणतात. बूदि म्हणजे राख. अंगावरच्या त्या पांढऱ्या भुकटीवरून हे नाव पडले. ती भुकटी म्हणजे मेणाचा थर. त्या थरामुळे आणि जाड सालीमुळे पक्व कोहळा कोरड्या, हवेशीर जागी काही महिने टिकतो. पण त्यास एक छेद द्या, की थोड्याच दिवसांत तो सडू लागतो. विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणतात ते हेच!

बालमित्रांनो, रंगवायचा कोहळा निवडताना देठ शाबूत आहे, साल कोठे दबलेली नाही, हे पाहावे. देठास धरून उचलू नये. देठ तुटला की तेथूनच कूज आत शिरते. मेणावर रंग धरत नाही. म्हणून जेथे चित्र काढायचे तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, बाकीची भुकटी राहू द्यावी. तांदळाची पिठी, हळद, गेरू आणि घरचे काजळ एवढ्यावर उत्तम चेहरा होतो. सुताच्या मिशा लावा, कागदाचा मुकुट घाला. मात्र खिळे टोचू नका. तैलरंग वापरलात, तर तो कोहळा गाईपुढे टाकू नका.

आता वडीलधाऱ्यांशी दोन शब्द. खंडेनवमीस आपण येथील आयुधपूजेत सामील होतो आणि वाहनापुढे कुंकू भरलेला कोहळा फोडतो. पशुबळीऐवजी कूष्मांडबळी देण्याची रूढी जुनी आहे. तिच्यामागील दयाबुद्धीस माझा नमस्कार असो. परंतु काही वर्षांपूर्वी त्याच संध्याकाळी माझे यजमान स्कूटरवरून येत असता रस्त्यावरील गरावरून चाक घसरले. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे हात गळ्यात राहिला. तो कोहळा कोणाचा, हे मी कोणास विचारले नाही. कारण त्याच सकाळी आमच्या फाटकापुढेही एक फुटला होता आणि तो आम्ही उचलला नव्हता. दुसऱ्याच्या अपघातास कारण होणारी शांती ही शांती कसली?

म्हणून माझी एक सूचना आहे. ज्यांस कोहळा फोडणे आवश्यक वाटते, त्यांनी तो आपल्या अंगणात फोडावा आणि लगेच उचलावा. इतरांनी अखंड कोहळा मुलांच्या हाती रंगवण्यास द्यावा. नवरात्रात येथे घरोघरी गोंबे मांडतात. त्या बाहुल्यांच्या पायरीखाली मंडळाच्या सभागृहात हे कोहळे मांडू. दसऱ्यानंतर ज्यांवर केवळ पिठी-हळदीचे रंग आहेत, ते धुऊन, सोलून मंडळाच्या स्नेहभोजनास वापरू. कोणी आपल्या पद्धतीने वड्या आणि सांडगे करावेत, शेजारणींनी मज्जिगेहुळी आणि काशी हलवा शिकवावा. गेली पन्नास वर्षे आपण या शहरात असेच तर राहत आलो. आपले सोडले नाही आणि शेजाऱ्याचे नाकारले नाही.

राहता राहिला माझा नातू. त्याने रंगवलेला कोहळा संक्रांतीपर्यंत आमच्या ओसरीवर होता. मग यजमानांनी तो चिरला, त्याच मोडून सांधलेल्या हाताने. नातू काही वेळ रुसला. हलवा झाल्यावर मात्र त्याने दोनदा मागून घेतला.