ऑफिसची टूर आणि दोघांचं वेरूळ

आकाशवाणी केंद्रानं मला विषय दिलाय तो असा: नवराबायकोपैकी एकाला कामासाठी परगावी जावं लागलं, तर त्यातच दोघांची छोटी सहल कशी बसवावी. मी छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण घेतो. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे मुंबई-पुण्याची माणसं ऑडिटला, मशीन बसवायला इथं सतत येत असतात. हॉटेल, कारखाना आणि परतीची गाडी, एवढंच बघून बरीचशी निघून जातात.

समजा, बाईंचं ऑडिट आहे आणि यजमान सोबत निघालेत. तिकीट काढण्याआधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. आणि ऑफिसची कामं नेमकी सोमवार-मंगळवारी निघतात! काम गुरुवार-शुक्रवारवर ढकलता आलं तर उत्तम, पुढचे दोन दिवस आपले. नाहीच जमलं, तर बुधवारची रजा टाका. पुन्हा सांगतो, लिहून घ्या: सोमवारी अजिंठा नाही, मंगळवारी वेरूळ नाही.

बाई कामावर गेल्या की यजमानांनी बीबी का मकबरा, पाणचक्की, विद्यापीठाच्या पलीकडची औरंगाबाद लेणी निवांत बघावीत. मकबऱ्याला ताजमहालाची नक्कल म्हणून नाकं मुरडू नयेत, आधी नीट बघावा. आणि दर तासाला “अजून किती वेळ?” असा फोन करू नये. ती कामाला आली आहे. रात्री साहेबांबरोबरचं जेवण निघालं, तरी तोंड पाडून बसू नये.

वेरूळ मात्र एकट्यानं उरकायचं नाही. ते दोघांनी मिळून बघायचं.

शहरापासून तीसेक किलोमीटर आहे. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणून दुपारनंतर जा, ऊन आतपर्यंत येतं. सगळे सोळा नंबरच्या कैलास लेण्यात शिरतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. कैलास थोर आहेच. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत आणलाय. पण त्याच्या दक्षिण अंगाला जा आणि रावण कैलास हलवतो ते शिल्प शोधा. खाली रावण सगळे हात लावून जोर करतोय, वर पार्वतीनं शंकराचा दंड घट्ट धरलाय, दासी पळत सुटलीये, आणि शंकर मात्र पायानं नुसता डोंगर दाबून स्वस्थ बसलाय.

तिथून चालत एकविसाव्या लेण्यात या. याला रामेश्वर म्हणतात. दर्शनी बाजूला मकरावर उभी असलेली गंगा आहे, तिच्यासमोर घाईनं पुढे सरकू नका. आत शिवपार्वतीचं लग्न कोरलंय, आणि त्याच लेण्यात दोघं सारीपाट खेळत बसलेली दिसतात. आधी लग्न बघा, मग सारीपाट. खाली गण नंदीला छळताहेत आणि वर डाव रंगलाय. शंकर हरलाय आणि आणखी एक डाव मागतोय, असं मला तरी दरवेळी वाटतं. कोरणाऱ्यांच्या घरीही असे डाव होत असणार! वर्गातली मुलं नेली की मी त्यांना इथं खाली बसवत असे. तुम्हीही बसा. लग्न आणि सारीपाट, दोन्ही बघा. इथं उभं राहून ऑफिसचे मेल वाचणारी माणसं मी पाहिली आहेत. अहो, ते मेल हॉटेलातही वाचता येतात!

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याच्या खुणा सुरू झाल्या. अजिंठा राहिलाच. ते शंभर किलोमीटरवर आहे, त्याला सबंध दिवस द्या, वेरूळच्या दिवशी कोंबू नका. पैशांचं म्हणाल तर सोबत आलेल्याचं तिकीट आणि जादा रात्रीचं भाडं आपल्या खिशातून, बिलं पहिल्यापासून वेगळी घ्या. खोलीत दोघं राहणार हे हॉटेलला आधी कळवा. इथला मटणाचा नान-खलिया कुठं खावा, हे काही आता सांगून होत नाही. शाकाहारी असाल तर तुमचं काही अडलेलं नाही.